तिसऱ्या गाण्यातले शब्द

शनिवारी सुखदेव ओव्हाळ मुलीच्या बँडची तालीम ऐकायला गेले, ते वायर द्यायच्या निमित्तानं. तेजस्विनीच्या गिटारची वायर मध्येच दगा द्यायची, म्हणून तिनं ती टाकून दिली होती. यांनी ती कचऱ्याच्या डब्यातून उचलली, टोकं कापली, नव्यानं कथलाचा डाग दिला आणि भर दुपारी दोन बस बदलून कर्वेनगरच्या त्या तळघरात हजर झाले. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला चालू होऊ शकणारी वायर फेकणं बघवत नसे.

"फोन करायचा ना बाबा, मी येऊन नेली असती," ती म्हणाली.

"घरूनच निघालीस की सकाळी. तेव्हा डाग द्यायचा होता," असं म्हणून ते कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि उठायचं नाव घेईनात.

बँडचं नाव 'अर्धवट'. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुखदेवांनी एवढंच विचारलं होतं, की नाव तरी पूर्ण ठेवायला काय झालं होतं. तिघंच जण होते. तेजस्विनी गिटार वाजवायची आणि गायची, सौरभ बास वाजवायचा, ऋषी ड्रम. पण आवाज तिघं मिळून तीस जणांचा करत. गिटारचा सूर निघाला की तो तिच्या पायाशी मांडलेल्या सात-आठ छोट्या पेट्यांमधून जाई. एक पेटी तो फाडे, दुसरी लांबवी, तिसरी त्याच्या सावल्या पाडी. स्पीकरमधून शेवटी जे बाहेर येई त्यात मूळ सूर कुठला आणि घुमणारं काय, हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नसे. पेट्या पायानं दाबायच्या, म्हणून वाजवणारे सारा वेळ खाली मान घालून उभे. या संगीताला शूगेझ म्हणतात ते त्यावरूनच; बुटांकडं टक लावणाऱ्यांचं संगीत. 'अर्धवट'नं त्यात सायकेडेलिक रॉकचे लांबत जाणारे, भोवळ आणणारे तुकडे मिसळले होते. एकेक गाणं बारा-बारा मिनिटं चाले. आणि गाणाऱ्याचा आवाज या सगळ्याच्या तळाशी. विहिरीत पडलेली कळशी वरून दिसावी तसा. आहे एवढं कळतं, हाताला लागत नाही. तेजस्विनीला तो तसाच हवा असे. रेकॉर्डिंगच्या वेळी ऋषी तिचा आवाज जरा वर घेऊ म्हणाला, की ती तो आणखी खाली घ्यायला लावी.

सौरभनं कानात घालायचे रबरी बोळे पुढं केले. "काका, घाला हे. नाहीतर रात्री शिट्ट्या वाजतील कानात."

"असू दे. कान पेन्शनीत निघालेत," सुखदेव म्हणाले. "काम मिळालं तर बरंच त्यांना."

दीड तास ते बसले. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तेजस्विनीनं सहज मान वर केली, तर बाबा खुर्चीत पुढं झुकले होते. डोळे मिटलेले, दोन बोटं उजव्या कानामागं धरलेली. तिला वाटलं, आवाज सोसत नसेल. तिनं मान खाली घातली आणि पायाशी असलेली पेटी दाबून आवाज आणखी वाढवला.

परतताना ते तिच्या गाडीत शेजारी बसले. लकडी पुलाशी सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "ते तिसरं गाणं. त्यात शब्द काय आहेत गं?"

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "शब्द असे काही नाहीत हो बाबा. आवाज एक वाद्य म्हणून वापरतो आम्ही. नुसतं आ-ऊ."

"आ-ऊ."

"हो."

"बरं," ते म्हणाले. सिग्नल सुटला. पूल ओलांडल्यावर त्यांनी मंडईवरून जाऊ या का विचारलं. मटार उतरलाय म्हणे. मंडईत त्यांनी तीन गाळे हिंडून, शेंग फोडून, दाणा चावून दोन किलो मटार घेतला आणि बाईनं वर मूठभर टाकला नाही म्हणून तिला, तुमच्याकडं वजन फार प्रामाणिक आहे, असं ऐकवून आले. संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या घरी दोघं परात मध्ये ठेवून मटार सोलत बसली. रेडिओ चालू होता. बाबा सोलायचे आणि दर पाचव्या शेंगेला दाणे तोंडात टाकायचे. सांगायचं असतं तर ती वेळ चांगली होती. अशा चांगल्या वेळा चौदा वर्षांत शेकड्यांनी येऊन गेल्या होत्या, म्हणून आणखी एक गेली याचं तिला काही वाटलं नाही. उरलेला मटार पिशवीत घालून तिनं फ्रीजमध्ये ठेवला आणि झोपायला गेली.

रविवारी सकाळी सुखदेव फिरून आले, पाणी प्यायले, खुर्चीत बसले आणि गेले. तेजस्विनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांची मान फक्त जरा कलली होती. वय चौसष्ट.

*

जे सांगायचं राहिलं ते असं होतं.

चौदा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दहावीचा निकाल लागायचा होता तेव्हाची गोष्ट. निकालाची वाट न बघताच सुखदेवांनी मुलीला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून हेडफोन आणून दिले होते. कान पूर्ण झाकणारे, जाड गादीचे. दुकानदारानं दाखवलेले चार त्यांनी स्वतः कानाला लावून नाकारले होते आणि हे पाचवे पसंत केले होते, कारण यात बाहेरचा आवाज सगळ्यात कमी येत होता. आपल्या पोरीला ज्या गाण्यांचं वेड लागलंय त्यात बारीकसारीक काय काय दडलेलं असतं, ते तिला नीट ऐकू यावं, एवढाच त्यांचा विचार.

त्या सकाळी अकराच्या सुमाराला तेजस्विनी आतल्या खोलीत दार लावून, डोळे मिटून तसलंच काही ऐकत पडली होती. गिटारींचा लोंढा, आणि त्याच्या तळाशी कुणी बाई गातेय. अशा गाण्यांत नेहमी भास होतात. कुणी तुमचं नाव घेतंय असं वाटतं, कुणी रडतंय असं वाटतं. त्यातच तर मजा असते. तिला आपलं नाव ऐकू आलं. दोनदा. तेजू, तेजू. तिला त्याचं इतकं नवल वाटलं, की पुढच्या वेळी पुन्हा याच जागी ऐकू येतं का बघायला तिनं आवाज वाढवला.

ती खोलीतून बाहेर आली तेव्हा बारा वाजायला दहा कमी होते. आई स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आडवी होती. गॅस चालू होता आणि दुधाचं पातेलं आतून-बाहेरून काळं झालं होतं. आई, शैला, तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

तेजस्विनीनं गॅस बंद केला आणि बाबांचा मोबाइल लावला. तो वाजत राहिला. तीनदा लावला. मग टेलिफोनच्या ऑफिसात लावला. मग बाबा येतील म्हणून थोडं थांबून शेजारच्या पद्मजाकाकूंना हाक मारली. रिक्षा आली, हॉस्पिटल आलं, आणि सुखदेव धावत तिथं पोचले तेव्हा त्यांच्या शर्टाला मंडईजवळच्या केबलच्या खड्ड्यातला चिखल होता. मोबाइल स्कूटरच्या डिकीत राहिला होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आले असते. सुखदेवांनी मुलीला विचारलं, कधी पडली? ती म्हणाली, आत्ता. पडली आणि मी लगेच फोन केला.

हे खोटं तिनं ठरवून सांगितलं नव्हतं. पण सांगून झाल्यावर बाबांनी कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ टेकली आणि ते म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळं." खड्डा घरापासून पाच मिनिटांवर होता. पहिलाच फोन उचलला असता तर. ते "माझ्यामुळं" त्यांनी इतक्या सहज अंगावर घेतलं, की ते काढून घ्यायला आधी धीर हवा होता आणि तो सोळाव्या वर्षी तिच्याकडं नव्हता. दुसऱ्या दिवशी घरात माणसं भरायच्या आत तिनं ते काळं पातेलं पिशवीत घालून चौकातल्या कचराकुंडीत टाकलं. पंधरवड्यानं बाबांनी एकदाच विचारलं, दुधाचं पातेलं दिसत नाही कुठं. ती म्हणाली, मला माहीत नाही. त्यांनी नवं आणलं.

पुढं ती शिकली, खराडीला नोकरीला लागली, पुष्कळ वाचलं. अपराधाबद्दल मोठ्या लोकांनी लिहिलेली मोठी पुस्तकंही वाचली आणि त्यांच्या समासात पेन्सिलनं खुणाही केल्या. सांगितलं मात्र नाही. उलट बँड काढल्यावर तिनं गाणं लिहिलं, त्यात सगळा ठपका बाबांवर ठेवला. 'सगळ्या शहराचे फोन लावून दिलेस, घरचा वाजत राहिला. उचल, आता तरी उचल.' लिहिताना तिला ते खरंच वाटत होतं. रोज गाऊन ते आणखी खरं वाटेल, अशी आशा होती. आणि वर गिटारींचा एवढा ढीग रचलेला असताना तळाशी काय पुरलंय हे कुणाला कळणार होतं? बाबांच्या समोर, त्यांनी डाग दिलेल्या वायरीवर ती ते गायली, तेसुद्धा त्या भरवशावर.

*

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेंनी त्रिशरण पंचशील दिलं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसली, आणि मग रीतीप्रमाणं एकेक जण उठून सुखदेवांबद्दल बोलू लागला. कुणी म्हणालं, वस्तीत पहिला फोन त्यांनी आणला. कुणी म्हणालं, जयंतीच्या कार्यक्रमाला भोंग्यांची जोडणी तेच करत, आणि वक्त्याचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही तर स्टेजवर जाऊन माइक सरकवत. तेजस्विनीला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसली. पद्मजाकाकू शेजारणीला हळूच म्हणाल्या, पोरगी पहिल्यापासून अबोल आहे.

शेवटी मच्छिंद्रकाका उठले. हे सुखदेवांचे खात्यातले जोडीदार, मूळचे खराडीचे शेतकरी. सुखदेव रस्त्यावर लाइन दुरुस्त करायचे तेव्हा हे ऑफिसात टेबलावर बसून तक्रारी घ्यायचे. सत्तरीला आलेले, धोतर सुटून पँट आलेली, पण बोलणं गावाकडचंच राहिलेलं.

"मी भाषण करणार न्हाई," ते म्हणाले. "एकच सांगतो. सुखदेवचा कान. लाइनवर कितीबी खरखर असू द्या, पलीकडचा माणूस काय बोलतो ते ह्याला कळायचं. आमाला नुसतं फरसाण तळल्यावानी ऐकू यायचं, आन् ह्यो म्हणायचा, ती बाई रडतीय, तिला म्हणावं पत्ता सांग. पावसाळ्यात तर सायेब लोक ह्याला बोलवून घ्यायचे, ऐकून सांग म्हणून. असा कान मी दुसरा बघितला न्हाई."

लोक हसले, कुणी मान डोलावली. कानामागं धरलेली दोन बोटं तेजस्विनीच्या डोळ्यांपुढं आली, आणि लकडी पुलाजवळचं ते "बरं".

*

त्यानंतर तीन आठवडे तिनं स्वतःची समजूत घालण्यात काढले. बाबांचं वय झालं होतं. टेलिफोनची खरखर वेगळी आणि चार थरांची गिटार वेगळी. तिनं घरी बसून स्वतःचंच गाणं पुन्हा पुन्हा लावलं आणि परका माणूस होऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण शब्द आधीच माहीत असल्यावर ते ऐकू येतातच. त्याला इलाज नाही. तिनं सौरभला विचारलं, तिसऱ्या गाण्यात मी काय म्हणते सांग. दोन वर्षं शेजारी उभा राहून वाजवणारा सौरभ डोकं खाजवत म्हणाला, "'फूल' असं काहीतरी आहे ना?" तिला जरा बरं वाटलं.

मग एका बुधवारी ऑफिसात ऋषीचा मेसेज आला. नव्या अल्बमसाठी पुन्हा रेकॉर्ड केलेलं तिसरं गाणं आधी सोडायचं आणि ते काकांना अर्पण करायचं, असं त्यानं आणि सौरभनं ठरवलं होतं. काकांना तेच आवडलं होतं ना, त्यानं लिहिलं होतं. बघत होतो मी, कसे डोळे मिटून ऐकत होते. पोस्टरसुद्धा तयार होतं. त्यावर बाबांचा तरुणपणचा फोटो, खांबावर चढलेले, कानाला हेडसेट. फक्त तुझा होकार दे, संध्याकाळी टाकतो.

तिनं फोन पालथा ठेवला. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता खाली उतरली आणि कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागं जुनी खराडी उरली आहे तिकडं चालू लागली. मच्छिंद्रकाकांचं घर दोन टॉवरांच्या मध्ये होतं. खाली ते आणि शालूकाकू, वरच्या दोन मजल्यांवर तिच्याच कंपनीतली भाड्यानं राहणारी मुलं. दारापुढं वाळत घातलेल्या जीनच्या पँटींखालून वाकून जावं लागलं.

काका ओसरीवर लसूण सोलत बसले होते. तिला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. शालूकाकूंनी जेवलीस का विचारलं, ती हो म्हणाली, त्यांचा विश्वास बसला नाही आणि त्या आत भाकरी टाकायला गेल्या.

तिनं वेळ लावला नाही. "काका, बाबांना माझ्या गाण्यांतले शब्द कळायचे का?"

मच्छिंद्रकाकांनी तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा लसणाची पाकळी हातात घेतली. "कळायचे की."

"कधीपासून?"

"तुमचं पयलं रेकॉर्डिंग आलं तवापासनं. दोन वर्षं झाली. त्यो लाइनचा जुना हेडसेट त्यानं मोबाइलला जोडून घेतला व्हता, आन् हितं, ह्याच ओसरीवर मला घिऊन बसला. म्हणला, ऐक. मला आपला पाऊस पत्र्यावर पडतोय एवढंच. तर त्यो एकेक शब्द सांगाया लागला. सगळ्या शहराचे फोन लावून दिलेस, घरचा वाजत ऱ्हायला." त्यांनी ओळ बरोबर म्हटली, एक अक्षर न चुकता. "म्हणला, मच्छिंद्रा, पोरगी आपल्याला इचारतीय."

तेजस्विनी ओसरीच्या कडेवर बसली.

"मी म्हणलो, मग बोल की तिच्याशी. म्हणला, नको. इचारलं तर ती गायची थांबल. बोलत न्हाई ती कुणाशी, गाती तरी. त्या गोंगाटाच्या तळाशी का हुईना, बोलती." काकांनी पाकळीचं साल काढलं. "त्या शनिवारी मीच रेटला त्याला. म्हणलो, वयं झाली आता आपली, किती दिवस ठिवनार मनात. जा, ऐक, आन् परत येताना गाडीत विषय काढ. शब्द काय हायेत म्हणून इचार. ती बोलली की तिची माफी माग आन् मोकळा हो. वायरीचं निमित्त बी मीच सुचवलं."

"त्यांनी विचारलं होतं."

"मग?"

"मी म्हटलं, शब्दच नाहीत."

मच्छिंद्रकाकांनी हातातली पाकळी सुपात टाकली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी हिंदीत मीटिंग लावून बसलं होतं. तेजस्विनीला वाटलं, उठावं, इतकं ऐकलं ते पुरे. ऋषीला नको म्हणून कळवावं, गाणं पुसून टाकावं. उरलेलं तिचं तिच्याजवळ राहील. बाबा आता नाहीत. सांगून त्यांना काय मिळणार? पुस्तकांच्या समासात तिनं ज्या ओळींवर खुणा केल्या होत्या, त्यांतली एकही तिला त्या घडीला आठवेना.

ती उठलीसुद्धा. तेवढ्यात काका म्हणाले, "बस जरा. माझं बी एक हाय."

ती उभीच राहिली.

"त्या दिवशी तू ऑफिसात फोन केलास, त्यो मी घेतला. आठवतंय? बाबांना पाठवा म्हणलीस. आवाजच असा व्हता तुझा, की मला कळाया पायजे हुतं. पण टेबलापुढं एक बडे सायेब हुबे, त्यांचा फोन दोन दिस बंद. मी म्हणलो, यांचं लिवून घिऊ आन् मग मंडईत निरोप धाडू. दहा मिनिटं लिवत बसलो, पोरी. नाव, गाव, नंबर. दहा मिनिटं." त्यांनी सुपातल्या पाकळ्या उगाच हातानं सारख्या केल्या. "सुखदेवला मी दुसऱ्या दिशी सांगितलं. म्हणला, सोड, चूक माझी हाय, मोबाइल माझा डिकीत. मी म्हणायचो, दहा माझी. त्यो म्हणायचा, पंधरा माझी. चौदा वर्षं आमी दोगं त्या मिनिटांच्या वाटण्या करत बसलो. त्यो गेला. आता सगळीच माझ्याकडं. शालूला बी ठाव न्हाई. तू गाण्यात इचारतीस ते मला बी इचारतीस, हे मला कळतं. म्हणून म्हणलं, तुला तरी सांगावं. माफ कर म्हणत न्हाई."

सत्तरीच्या माणसाचे हात लसणाच्या सालींत विनाकारण काहीतरी शोधत होते. तेजस्विनी त्या हातांकडं बघत राहिली. बाबांच्या वाटणीचं ओझं तिला कुणाच्याही खांद्यावरून उतरवता येणार नव्हतं. ते ज्याचं होतं तो घेऊन गेला होता. हे समोरचं मात्र अजून इथं होतं, ओसरीवर, पाच हातांवर, आणि ते आणखी दहा-पंधरा वर्षं रोज सकाळी उठून लसूण सोलणार होतं.

"काका," ती म्हणाली. तिनं पुन्हा सुरुवात केली. "काका, ती मिनिटं तुमची नाहीत. बाबांचीही नव्हती."

"असं बोलून न्हाई चालत, पोरी. झालं ते झालंच की."

"ऐका. मी फोन केला तेव्हा बारा वाजायला आले होते. आई पडली अकराला. अकरा वाजून थोड्या वेळानं. दूध पार जळून गेलं होतं, पातेलं मी टाकून दिलं."

मच्छिंद्रकाकांचा हात थांबला. "म्हंजे? तू घरात नव्हतीस?"

"घरातच होते."

तिच्या पायाशी दाबायला काही नव्हतं. वर, मागं, आजूबाजूला गिटारी नव्हत्या. शालूकाकूंची भाकरी तव्यावर पडली होती आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे तिला दिसलं. तरी ती थांबली नाही, मान खाली घातली नाही.

"आतल्या खोलीत. कानात गाणी होती," ती म्हणाली. "आईनं मला हाक मारली, काका. दोनदा. मला ऐकू आली. मला वाटलं, गाण्यातच आहे."